वाचक विचारतात : माळ्यावरच्या खोक्यातले मिग-२१

मागच्या अंकात प्लॅस्टिकच्या विमान-प्रतिकृतींवर एक छोटे टिपण दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वर्षानुवर्षे न उघडलेल्या जुन्या किटविषयी आहेत, आणि नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांत एकच विमान पुन्हा पुन्हा येते, ते म्हणजे मिग-२१ हे लढाऊ जेट. हे विमान बनवणारा ओझरचा कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. त्यामुळे या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. मी स्वतः गेल्या वर्षी १:७२ प्रमाणातले असेच एक जुने मिग बांधून रंगवले. त्या कामात माझ्या हातून जे चुकले, ते जिथे उपयोगी पडेल तिथे उत्तरांत सांगितले आहे.

प्रश्न : माझे वडील ओझरच्या कारखान्यात शीटमेटलच्या कामावर होते. दिवाळीत घर आवरताना माळ्यावर मिग-२१ चे एक किट सापडले. काकांनी ते फार पूर्वी परदेशातून आणले होते. खोका दबला आहे, पण आतले सगळे भाग जाळीला (साच्यातून भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांच्या चौकटीला जोडून येतात तिला) तसेच आहेत. वडील आता थकले आहेत. त्यांच्यासमोर बसून ते बांधावे असे मनात येते, पण बिघडले तर दुसरे मिळणार नाही ही भीती वाटते. शिवाय खोक्यावर नुसते ‘मिग-२१’ लिहिले आहे. हे ओझरला बनलेलेच विमान आहे का? — ओझर येथील एक वाचक

उत्तर : अवश्य बांधा. खोक्यात ठेवलेले किट जपले जाते असे आपल्याला वाटते, पण ते आतल्या आत जुने होतच असते. डिकॅलचा, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायच्या चिन्हांचा, कागद पिवळा पडतो, पातळ भाग वाकडे होतात आणि प्लॅस्टिक ठिसूळ होत जाते. ज्यांच्या हाताखालून खरे विमान गेले ते वडील समोर बसलेले असताना हे काम आणखी पुढे ढकलू नये, असे मला मनापासून वाटते.

आता प्रकाराविषयी. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझरचा विभाग १९६४ साली मिग-२१ परवान्याखाली बनवण्यासाठीच सुरू झाला, आणि तिथे या विमानाचे तीन मुख्य प्रकार बनले : आधी एफएल, नंतर एम आणि शेवटी बिस. यांनाच अनुक्रमे टाइप ७७, टाइप ९६ आणि टाइप ७५ म्हणत. वडिलांना नावांपेक्षा हे आकडे चटकन आठवण्याचा संभव अधिक आहे, म्हणून त्यांना आकड्यानेच विचारा. बाजारातली बरीच जुनी किटे मात्र यांच्याही आधीच्या एफ-१३ या प्रकाराची असतात. भारताला १९६३ साली मिळालेली अगदी पहिली मिग विमाने एफ-१३ होती, पण ती सोव्हिएत संघातून आली होती, ओझरला बनलेली नव्हती.

ओळखायचे कसे, तर आधी नाक पाहा. एफ-१३ चे हवा घेणारे तोंड अरुंद आणि त्यातला शंकू लहान असतो. एफएलमध्ये शंकूच्या आत मोठे रडार बसवलेले असल्यामुळे शंकू जाड आणि तोंड रुंद झाले. या दोन्हींत कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण पुढच्या काचेसह एकसंध असून पुढच्या बाजूला उघडते. झाकण आडवे उघडणारे, पुढची काच वेगळी आणि पाठीचा कणा भरदार असेल, शिवाय प्रत्येक पंखाखाली शस्त्रे टांगण्यासाठी दोन-दोन जागा असतील, तर ते किट एम किंवा बिसचे समजावे. तुमचे किट एफ-१३ निघाले तर त्याचे एफएल करण्याच्या मागे लागू नका. नाकाचा घेरच वेगळा असल्याने ते काम नवे नाक घडवण्याइतके मोठे होते. १९६३ साली चंडीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झालेले मिग म्हणून तेच किट अतिशय अभिमानाने बांधता येते. हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच चंडीगडला निवृत्त झाले. त्या निमित्ताने जुनी-नवी पुष्कळ छायाचित्रे छापली गेली. त्यांतून एकच विमान निवडा, आणि शेवटपर्यंत त्या एकाच छायाचित्राशी प्रामाणिक राहा.

सुरुवात मात्र चिकटवण्यापासून करू नका. आधी सूचनापत्रकाची झेरॉक्स काढून घ्या, कारण जुना कागद घडीवर फाटतो आणि नेमका हवा तो आकडाच त्या घडीत जातो. सगळे भाग मोजून घ्या. मग जाळीसकट सगळे भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. भाग साच्यातून सुटावेत म्हणून कारखान्यात साच्याला तेलकट द्रव्य लावतात. त्याचा अंश प्लॅस्टिकवर राहतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि रंगाला धरू देत नाही.

माझ्या हातून हीच पायरी सुटली. रंग उत्तम बसला, वाळला, मी दोन आठवडे त्याच्यावर खूश होतो. मग हिरव्या पट्ट्यासाठी लावलेली मास्किंग टेप सोलली, तेव्हा उजव्या पंखावरचा रंग टेपेबरोबर अखंड निघून आला. टेपेवर पंखाच्या कडेचा तिरका आकार जसाच्या तसा उमटला होता, आणि खाली उघडे प्लॅस्टिक चकचकत होते. टेप चांगली होती, रंगही चांगला होता. चूक तीन आठवड्यांपूर्वी मोरीत व्हायला हवी होती त्या कामाची होती. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांत येईल : किटमधला दोष जिथे दिसतो, त्याच्या एक-दोन पायऱ्या आधी तो झालेला असतो. म्हणून कुठलाही भाग चिकटवताना, ‘यानंतर इथे माझा हात पोहोचणार आहे का?’ असा प्रश्न स्वतःला विचारा.

वडिलांना कामात घ्या. पॉलिश पेपरने सांधा घासण्याचे काम बसल्या जागी होते, आणि पत्रा घासून आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटांना सांधा लागतो की नाही हे डोळ्यांच्या आधी कळते.

प्रश्न : जुन्या किटमध्ये पंख आणि मधला सांगाडा यांच्या सांध्यात जवळपास एक मिलिमीटरची फट राहते. लांबी (पुट्टी) भरून घासली, तर आजूबाजूच्या उठावदार रेषा आणि रिव्हेटही घासले जातात. आता या रेषा ठेवाव्यात की सगळ्याच घासून नव्या कोराव्यात? — सिडको, नाशिक येथील एक वाचक

उत्तर : आधी फटीविषयी सांगतो, कारण लांबी भरणे हा शेवटचा उपाय आहे. पंख आणि सांगाडा न चिकटवता, नुसते टेपेने धरून जोडून पाहा. बऱ्याचदा सांगाड्याच्या दोन बाजू आत दबलेल्या असतात, आणि फट पंखामुळे पडली असे वाटते ते केवळ त्यामुळे. अशा वेळी सांगाडा बंद करण्याआधी जाळीच्या दांड्याचा योग्य लांबीचा तुकडा आत आडवा टेकू म्हणून बसवला, की बाजू बाहेर सरकतात आणि फट आपोआप मिटते. तुमचा सांगाडा बंद झाला असेल तर पातळ प्लॅस्टिकची पट्टी फटीत चिकटवा, ती वाळल्यावर कापून सपाट करा, आणि उरलेल्या केसाएवढ्या भेगेलाच लांबी लावा. किटच्याच जाळीचे बारीक तुकडे पातळ प्लॅस्टिक सिमेंटमध्ये एक-दोन दिवस विरघळवून केलेला लगदा मला गाड्यांच्या लांबीपेक्षा अधिक आवडतो, कारण तो वाळल्यावर त्याच प्लॅस्टिकचा होतो आणि घासताना आजूबाजूच्या भागाइतकाच झिजतो. त्याला पूर्ण वाळायला मात्र काही दिवस द्यावे लागतात. घाई केली तर आठवड्याभराने तो आक्रसतो आणि रंगाखाली खळगा उमटतो.

घासताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेपचे दोन-तीन थर लावा. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ४०० नंबरने सुरुवात करा आणि ८००, १००० असे वर चढा. कोरडे घासू नका; त्याची धूळ श्वासात जाते आणि कागदही लवकर भरतो.

आता रेषांचे. मिग-२१ च्या पंखांचा एकूण विस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे, म्हणजे १:७२ च्या प्रतिकृतीत तो १० सेंटीमीटरच्या आतच येतो. अशा प्रतिकृतीवर पाव मिलिमीटर रुंदीची रेषा खऱ्या विमानावर १८ मिलिमीटर रुंद होईल. याचा अर्थ, उठावदार असो वा कोरलेली असो, ती रेषा मापाने खोटीच आहे. दोन्ही केवळ खुणा आहेत. म्हणून सगळे घासून सगळे नव्याने कोरण्याचा जो आग्रह धरला जातो तो मला पटत नाही. पंखांवरच्या रेषा जशा आहेत तशा राहू द्या, आणि सांध्याजवळ ज्या पुसल्या गेल्या तेवढ्याच पुन्हा जोडून घ्या. पातळ केलेल्या राखाडी रंगात, जाळीचा दांडा तापवून ताणलेल्या तंतूने रेषा घालता येते. कोरायचीच असेल तर लेबल छापायची जाड चिकटपट्टी कडेला लावून, तिच्या आधाराने शिवणाची सुई चार-पाच वेळा अगदी हलक्या हाताने ओढा. पहिल्याच ओढीत जोर दिला, की सुई प्लॅस्टिकच्या मनाने जाते.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझे पहिले जेट विमान बांधून झाले, पण चाकांवर उभे केले की ते शेपटीवर बसते. सगळे चिकटवले आहे. आता काय करू? — नाशिकरोड येथील एक विद्यार्थी

उत्तर : तुझे विमान नीट बांधलेले असणार, म्हणून आधी मन शांत ठेव. जेट विमानाची मुख्य चाके मध्याच्या थोडी मागे असतात. खऱ्या विमानात रडार, यंत्रे आणि वैमानिक यांचे वजन पुढे असते, त्यामुळे ते नाकाच्या चाकावर व्यवस्थित टेकते. आपल्या प्रतिकृतीचे नाक पोकळ असते. तिथे वजन नसल्यामुळे शेपूट खाली जाते. सीसॉवर बसल्यासारखेच आहे ते.

नाकातला शंकू वेगळा भाग असेल आणि तो हलक्या हाताने निघत असेल, तर काढून आत सायकलचे छर्रे घाल. सायकल दुरुस्तीच्या दुकानात जुने छर्रे सहज मिळतात. ते आत गडगडू नयेत म्हणून एम-सीलच्या गोळीत दाबून बसव. शंकू निघत नसेल, तर विमान फोडू नकोस. एका लाकडी फळीवर राखाडी कागद चिकटवून धावपट्टी कर, आणि तिन्ही चाके त्यावर चिकटवून टाक. असे मांडलेले विमान पाहणाऱ्यालाही छान दिसते.

पुढच्या वेळी सांगाडा बंद करण्याआधी सगळे टेपेने जोडून, मुख्य चाके जिथे येतात बरोबर त्या जागी खाली एक पेन्सिल आडवी ठेव. विमान पुढे कलेपर्यंत नाकात एकेक छर्रा टाकत जा, आणि शेवटी दोन जास्तीचे टाक, कारण रंग आणि क्षेपणास्त्रे लावल्यावर मागचे वजन आणखी वाढते. कोणी शिशाचा तुकडा वापर असे सांगितले तर नको म्हण. शिसे हाताला लागणे चांगले नाही, आणि पांढऱ्या फेविकॉलने चिकटवलेले शिसे काही वर्षांनी आत फुगून सांधे उकलते, असेही होते.

प्रश्न : कॉकपिटचे झाकण फेविक्विकने बसवले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर काच आतून धुक्यासारखी पांढरी झाली होती. पुसूनही जात नाही. — पंचवटी येथील एक वाचक

उत्तर : या चिकटद्रव्याची वाफ वाळताना वर उठते आणि जवळच्या पृष्ठभागावर, विशेषतः जिथे ओल किंवा बोटांचे ठसे असतील तिथे, पांढरी होऊन बसते. गुन्ह्याच्या तपासात वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवण्यासाठी हीच वाफ वापरतात. त्यामुळे तुमच्या काचेवर नीट पाहिले तर कदाचित तुमच्याच अंगठ्याच्या रेषा दिसतील. बंद झाकणाच्या आत कोंडलेल्या वाफेला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

झाकण काढावे लागेल. कटरचे पाते सांध्यात घालून, एकाच ठिकाणी जोर न देता, सगळीकडून थोडे थोडे सरकवा. मग आतली बाजू २००० नंबरच्या वॉटर पेपरने अगदी हलकी घासून, गाड्यांच्या रबिंग कंपाउंडने मऊ सुती कापडावर चमकवा. काच पुन्हा स्वच्छ होते. यावर विश्वास बसत नाही, पण होते. शेवटी अॅक्रिलिकच्या चकचकीत वार्निशचा एक पातळ हात दिला, की उरलेले केसाएवढे ओरखडे भरून निघतात.

पुन्हा बसवताना पांढरे फेविकॉल टूथपिकने कडेला लावा. ते वाळल्यावर पारदर्शक होते, वाफ सोडत नाही, आणि पुढे कधी झाकण उघडायची वेळ आली तर ओल्या कापसाने सैल करता येते. जोर मात्र त्याला कमी असतो. झाकणाला तेवढा पुरतो.

प्रश्न : घरच्या खिडक्यांना लावलेला ऑइलपेंट उरला आहे. तो पातळ करून चालेल का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : चालणार नाही. त्यातले रंगाचे कण भरड असतात आणि थर जाड बसतो. १:७२ मध्ये एक दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटर जाडीचा रंग झाला. सगळ्या बारीक खुणा त्याखाली जातील. तो पातळ करायला एनसी थिनर वापरलात तर प्लॅस्टिकच विरघळेल.

प्रश्न : मला मिग-२१ उघड्या धातूच्या चंदेरी रंगात हवे आहे, जसे ते सुरुवातीच्या काळात दिसत असे. दोनदा चंदेरी स्प्रे मारला; एकदा रंग खरखरीत बसला आणि एकदा सांध्यावरचा प्रत्येक ओरखडा दिसू लागला. माझे काय चुकते आहे? — गंगापूर रोड, नाशिक येथील एक वाचक

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन वेगळे दोष आहेत आणि दोघांची मुळे वेगळ्या ठिकाणी आहेत.

ओरखड्यांचे मूळ घासण्यात आहे. हिरव्या-तपकिरी रंगाखाली ८०० नंबरचा ओरखडा लपून जातो. चंदेरी रंग तो लपवत नाही, उलट उजेडात आणतो, कारण या रंगातले धातूचे कण आरशासारखे काम करतात. म्हणून उघड्या धातूचे विमान करायचे ठरले की घासकाम १००० वर थांबवू नका. १५०० आणि २००० पर्यंत जा आणि शेवटी सुती फडक्याने घोटा. मग प्रायमरचा पातळ हात मारून विमान तिरप्या उजेडात, म्हणजे संध्याकाळी खिडकीशी डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहा. एकाच रंगाच्या प्रायमरवर प्रत्येक भेग नजरेला पडते. तिथेच दुरुस्ती करा. चंदेरी रंगावर लांबी भरून काही साधत नाही.

त्यानंतर चकचकीत काळा रंग. चंदेरीखाली काळा का, असा प्रश्न पडेल. चंदेरीचे थर अगदी पातळ असतात, त्यांतून खालचा रंग किंचित दिसतो, आणि खाली गुळगुळीत काळा असला की वरचा रंग धातूसारखा खोल दिसतो. खाली पांढरा किंवा राखाडी असला तर तो भांड्याच्या कल्हईसारखा सपाट राहतो. हा काळा थर पूर्ण वाळला पाहिजे. माझी कसोटी साधी आहे : विमान नाकाजवळ धरावे, आणि रंगाचा वास जरासाही येत असला तर आणखी दोन दिवस झाकून ठेवावे. एकदा मला वास येत होता आणि तरी मी धीर धरला नाही. चंदेरी मारताना विमान जिथे धरले होते तिथे, पंखाच्या मुळाशी, माझ्या अंगठ्याचा ठसा काळ्या रंगात रुतला, आणि वरून मारलेल्या चंदेरीने त्यातली रेष न् रेष उठून दिसू लागली. तेवढा भाग पुन्हा प्लॅस्टिकपर्यंत घासावा लागला. तेव्हापासून काळा थर मारल्यावर विमानाला सुती हातमोजे घातल्याशिवाय हात लावत नाही, आणि एरवी ते जेटच्या नळीत घट्ट बसवलेल्या काडीवर धरतो.

खरखरीत रंगाचे मूळ आपल्या हवेत आहे. तुम्ही महिना लिहिलेला नाही, पण मी अंदाज करतो की एप्रिल-मे असावा. उन्हाळ्याच्या दुपारी नाशिकच्या कोरड्या हवेत रंगाचा फवारा विमानापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो, आणि पृष्ठभागावर पावडर होऊन बसतो. पावसाळ्यात याच्या उलट होते : हवेतली ओल वाळत्या लॅकरमध्ये अडकते आणि चकचकीत थर दुधाळ पडतो. थंडीत, जेव्हा पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा इनॅमल रंग दिवसेंदिवस ओलसर राहतो आणि डबा थंड असल्याने स्प्रे थेंब थुंकतो. डबा पाच मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवला की तो नीट चालतो. कोमट म्हणजे हात सुखाने बुडवता येईल इतकेच, आणि गॅसजवळ किंवा उन्हात डबा कधीही ठेवू नये. माझ्या मते नाशिकमध्ये स्प्रे मारण्याचे दिवस म्हणजे दसऱ्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे, आणि त्यातही सकाळी दहा ते बाराची वेळ. खिडकी उघडी हवी, तोंडाला चांगला मास्क हवा. एक जाड हात मारण्याऐवजी वीतभर अंतरावरून चार पातळ हात मारा आणि प्रत्येक हाताची सुरुवात व शेवट विमानाच्या बाहेर करा.

चंदेरी झाल्यावर सगळे विमान एकाच छटेचे ठेवू नका. खऱ्या विमानाचे पत्रे निरनिराळ्या वेळी बसवलेले, बदललेले असतात. काहींना लकाकी अधिक असते, काही मंद असतात, आणि जेटच्या तोंडाजवळचा भाग उष्णतेने काळपट-तपकिरी झालेला असतो. दोन-तीन पत्रे टेपेने मर्यादित करून त्यांवर चंदेरीत काळ्याचा एखादा थेंब मिसळून मारा. टेप आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. आणि १९७१ च्या सुमाराचे विमान करणार असाल तर चंदेरीचा आग्रह सोडावा लागेल, कारण त्या युद्धाच्या वेळी अनेक विमानांच्या उघड्या धातूवर घाईघाईने छद्मरंग, म्हणजे विमान चटकन नजरेत येऊ नये म्हणून देतात ते रंग, चढवले गेले होते. ते रंग ठिकठिकाणी वेगळे होते. म्हणूनच पहिल्या उत्तरात एकच छायाचित्र निवडा असे म्हटले.

प्रश्न : किटमधली डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे, पिवळी पडली आहेत. वापरावीत की टाकून द्यावीत? कुणीतरी सांगितले की ती पाण्यात फुटतात. — मेन रोड, नाशिक येथील एक वाचक

उत्तर : फुटतात, हे खरे आहे. माझ्या जुन्या मिगवरचे पंखाचे वर्तुळ (वायुदलाचे गोल चिन्ह) मी बशीतल्या कोमट पाण्यात सोडले, अर्ध्या मिनिटाने कागद खाली बसला, आणि चिन्ह पाण्यावर तरंगताना पापडासारखे तडकले. केशरी कडेचे तुकडे एकीकडे आणि मधला हिरवा ठिपका दुसरीकडे गेला. ते जोडणे शक्य नव्हते. परंतु टाकून देण्याआधी दोन उपाय करून पाहता येतात, आणि दोन्ही पाण्याला हात लावण्याआधीचे आहेत.

पिवळेपणासाठी डिकॅलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून, छापील बाजू बाहेर करून, उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून टेपने चिकटवा. आठवड्याभरात, कधी दोन आठवड्यांत, पिवळेपणा बराच फिका होतो. रोज पाहत जा, कारण ऊन पिवळेपणाबरोबर छापील रंगही खाते. ठिसूळपणासाठी संपूर्ण कागदावर पारदर्शक अॅक्रिलिक वार्निशचे किंवा डिकॅलसाठीच मिळणाऱ्या द्रवाचे दोन पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. आता चिन्हे आणि अस्तर एकाच नव्या पापुद्र्याने बांधली गेली. हा पापुद्रा अखंड असल्यामुळे प्रत्येक चिन्ह कडेला लागून कात्रीने वेगळे कापावे लागेल. आधी न लागणारे एखादे चिन्ह, उदाहरणार्थ दुसऱ्या देशाचा तारा, पाण्यात टाकून पाहा. ते टिकले तरच वर्तुळांना हात घाला.

आपल्या वायुदलाचे वर्तुळ बाहेरून केशरी, मग पांढरे आणि मध्ये हिरवे असते. जुन्या छपाईत हे तीन रंग अनेकदा एकमेकांवरून सरकलेले असतात, आणि पांढऱ्यातून खालचा चंदेरी डोकावतो. तसे असेल तर पांढरा गोल आधी विमानावरच रंगवून घ्या आणि चिन्ह त्याच्यावर बसवा. किंवा नवे डिकॅल मागवा, त्यात कमीपणा काही नाही.

चिन्ह बसवायची जागा चकचकीत असली पाहिजे. मंद पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. चिन्हाखाली हवा अडकते, आणि वाळल्यावर पारदर्शक कडेला चांदीसारखी झाक येते. ही झाक दिसते चिन्हात, पण ती आलेली असते वार्निशचा हात न दिल्यामुळे. चकचकीत वार्निश, मग चिन्ह, आणि सर्वांत शेवटी हवी तशी मंद किंवा अर्धचकचकीत छटा, हा क्रम मोडू नका. चिन्हाखाली पाण्याचा एक थेंब सोडा म्हणजे ते सरकवून नेमके जागी आणता येईल, मग कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी टिपून घ्या. उठावदार रेषेवर चिन्ह ताणलेले दिसले तर डिकॅल मऊ करणारा द्रव कडेला लावा. काही मिनिटे ते सुरकुतेल, तेव्हा त्याला बोट लावू नका, वाळताना ते आपोआप बसते.

रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी ओल्या फडक्याने प्रत्येक चिन्हाभोवती पुसून घ्या, कारण कागदावरचा डिंक पाण्याबरोबर बाहेर येऊन तिथे वाळलेला असतो, आणि त्यावर वार्निश चढले तर त्याचा तपकिरी डाग पुन्हा निघत नाही.